खिडकीच्या दोन्ही बाजूंना

महिन्यातला एक आठवडा मी ऑन-कॉल असतो. म्हणजे रात्री सिस्टीम पडली तर उठून ती पुन्हा उभी करायची पाळी माझी. त्या आठवड्यात झोप अशी लागतच नाही. मग लॅपटॉप उशाशी ठेवून मी मालगाड्यांचे व्हिडिओ बघत पडतो. लहानपणी इंजिन ड्रायव्हर व्हायचं होतं, झालो सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याची ही भरपाई असावी.

अशाच एका रात्री अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला एक व्हिडिओ समोर आला. बून नावाच्या गावाजवळची खोल दरी, खाली डी मॉइन नदी आणि दरीवर शेजारी शेजारी दोन पूल. एक २००९ साली सुरू झालेला, रुंद आणि धट्टाकट्टा. दुसरा १९०१ चा, पोलादी खांबांच्या जाळीवर उभा असलेला, आता निवृत्त. नव्या पुलावरून दीड-दोन किलोमीटर लांबीची मालगाडी सरकत होती. व्हिडिओखाली दोन्ही पुलांचं नाव एकच होतं : केट शेली.

पुलाला मंत्र्याचं, राजाचं किंवा इंजिनिअरचं नाव असतं एवढंच मला माहीत होतं. ही केट शेली कोण म्हणून शोधायला गेलो, तर तिची गोष्ट तिथल्या लहान मुलांच्या पुस्तकांत आहे. वादळी रात्री जिवावर उदार होऊन आगगाडी वाचवणारी शूर मुलगी. आपल्याकडे पाठ्यपुस्तकात धडा असतो तशी गोष्ट. त्या गोष्टींच्या शेवटी बहुतेक वेळा एक ओळ येते, की पुढे ती त्याच गावात रेल्वेची स्टेशन एजंट झाली. मला त्या रात्रीपेक्षा या ओळीनेच जास्त पकडलं. या लेखात रात्र येईलच, पण लेख मुख्यतः त्या ओळीबद्दल आहे.

चढावर वसलेलं गाव

आधी गाव समजून घेऊ. मोइंगोना हे डी मॉइन नदीच्या खोऱ्यातलं छोटं वसतिस्थान. 'शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न' कंपनीचा शिकागोहून ओमाहाकडे जाणारा मुख्य मार्ग इथून जायचा आणि ओमाहाला तो पुढे पश्चिम किनाऱ्याकडे जाणाऱ्या रेल्वेला मिळायचा. म्हणजे अर्ध्या खंडाची वाहतूक या गावातून. आयोवा आपल्याला सपाट मक्याचं राज्य म्हणून माहीत असतं. पण नदीने जिथे जमीन कापली आहे तिथे रुळांना खाली खोऱ्यात उतरावं लागे आणि पलीकडे पुन्हा चढावं लागे. चढ एवढा, की जड गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिन लागे. ही इंजिनं मोइंगोनाला तयार ठेवलेली असत.

मुंबई-पुणे प्रवास केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कर्जतला गाडी थांबते, मागे बँकर इंजिन लागतात, तोवर आपण वडापाव खाऊन घेतो आणि मग खंडाळ्याचा घाट सुरू होतो. घाट नसता तर कर्जतला इतक्या गाड्या थांबल्या असत्या का, हा विचार वडा खाताना कुणी करत नाही. मोइंगोनाचं तेच होतं. थोड्या कोळशाच्या खाणी होत्या. पण रेल्वेच्या लेखी गावाचं महत्त्व त्या चढामुळे.

नदीच्या पूर्वेला, हनी क्रीक नावाच्या ओढ्याजवळ, शेली कुटुंबाचं घर होतं. कुटुंब आयर्लंडहून आलेलं. वडील मायकेल रेल्वेच्या गँगचे मुकादम; रूळ आणि स्लीपर बघणाऱ्या मजुरांवर त्यांची देखरेख. १८७८ मध्ये ते वारले. नंतर एक भाऊ नदीत बुडून गेला. उरली आई, धाकटी भावंडं आणि थोरली केट. घराच्या खिडकीतून रूळ दिसायचे. कोणती गाडी किती वाजता जाते, हे त्या घरातल्या मुलांना पाठ असणार.

६ जुलै १८८१

त्या दिवशी संध्याकाळपासून पाऊस कोसळत होता. ओढे फुगले. रूळ शाबूत आहेत का बघायला मोइंगोनाहून एक ढकलणारं इंजिन चार माणसं घेऊन बूनच्या दिशेने निघालं. नदीवरचा मोठा पूल त्याने पार केला. हनी क्रीकवरचा लहान लाकडी पूल मात्र पाण्याने पोखरला होता. रात्री अकराच्या सुमारास इंजिन त्या पुलासकट ओढ्यात गेलं. शेलींच्या घरात तो आवाज ऐकू आला.

केट कंदील घेऊन बाहेर पडली. तिच्या जन्माच्या दोन तारखा सांगितल्या जातात, एक १८६३ ची आणि एक १८६५ ची. म्हणजे ती पंधराची होती किंवा सतराची. चारपैकी दोन माणसं, एड वूड आणि अ‍ॅडम अगार, झाडांना धरून पाण्यात तग धरून होती. दोघं वाहून गेली होती. एकटीने वाचवणं शक्य नव्हतं. आणि मध्यरात्रीच्या सुमाराला पश्चिमेकडून एक्स्प्रेस यायची होती, सुमारे दोनशे उतारू घेऊन.

सर्वात जवळची तार मोइंगोनाच्या स्टेशनात, मैलभरापेक्षा जास्त अंतरावर, नदीच्या पलीकडे. मधे सुमारे सातशे फुटांचा पूल. लोकांनी त्यावरून चालत जाऊ नये म्हणून पायवाटेच्या फळ्या काढून टाकलेल्या; नुसते रूळ आणि दूर दूर ठेवलेले स्लीपर, खाली पुराचं पाणी. कंदील विझला. हातांनी आणि गुडघ्यांनी चाचपडत, वीज चमकेल तेवढ्या उजेडात ती पलीकडे गेली आणि धावत स्टेशनात पोचली.

लहान मुलांच्या पुस्तकातली गोष्ट साधारण इथे कळसाला पोचते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. केटने गाडीसमोर उभं राहून कंदील हलवला नाही. एक्स्प्रेस तिकडे पश्चिमेलाच थांबवली गेली. तिच्या निरोपामुळेच थांबली, की वादळ बघून आधीच तसं ठरलं होतं, याबद्दल सगळे वृत्तांत एकसारखं सांगत नाहीत. तिने काय केलं याबद्दल मात्र मतभेद नाही : ती खिडकीपाशी पोचली आणि जे पाहिलं ते सांगितलं. आणि मग त्याच पावसात माणसं घेऊन, त्याच पुलावरून, परत ओढ्यापाशी गेली. वूड आणि अगार वाचले ते या परतीच्या फेरीमुळे.

माझ्या मनात तेव्हापासून ती खिडकी घर करून आहे. मध्यरात्री चिखलाने माखलेली, धापा टाकणारी एक पोर येते आणि म्हणते की पूल गेला. आत बसलेल्या माणसाने ते खरं मानायचं की नाही? मुख्य मार्ग बंद करायचा म्हणजे लहान निर्णय नव्हे. तिथल्या लोकांनी तिला ओळखलं, मुकादमाची मुलगी म्हणून ओळखलं, आणि तिचं ऐकलं. शूरपणाच्या गोष्टीत ऐकणाऱ्याला जागा नसते. पण ऐकणारा नसता तर तो पूल ओलांडण्याचा उपयोग काय होता?

पदकं आणि गहाण

पुढचे काही महिने देशभर केटचं नाव झालं. आयोवाच्या विधिमंडळाने सुवर्णपदक आणि २०० डॉलर दिले. रेल्वे गार्डांच्या संघटनेने सोन्याचं घड्याळ आणि साखळी दिली. कंपनीने १०० डॉलर, थोडं पीठ, थोडा कोळसा आणि आयुष्यभराचा मोफत पास दिला. वर्तमानपत्रांत कविता आल्या. स्त्री-चळवळीतल्या नामवंत नेत्या फ्रान्सिस विलार्ड यांनी मदत केली आणि केट सिम्पसन कॉलेजात शिकायला गेली. तिथे ती साधारण वर्षभरच राहिली.

कारण घर होतं. आई होती, भावंडं होती, आणि घरावर कर्ज होतं. गोळाबेरीज केली तर गंमत वाटते, आणि वाईटही : घरात सुवर्णपदक, सोन्याचं घड्याळ, आणि डोक्यावर गहाणखत. नऊ वर्षांनी, १८९० मध्ये, हे शिकागोच्या लोकांच्या कानावर गेलं, तेव्हा वर्गणी निघाली आणि गहाण फिटलं. मधल्या काळात केटने शाळेत शिकवलं, पुढे राज्याच्या राजधानीत विधिमंडळाच्या इमारतीत नोकरी केली. लग्न केलं नाही. मोठं संकट आलं की समाज मोठ्या मनाने देतो. दर महिन्याचा किराणा त्यात बसत नाही. केटला आता पदक नको होतं, पगार हवा होता.

१९०३ मध्ये तो मिळाला. 'शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न'ने तिला मोइंगोनाची स्टेशन एजंट नेमलं. बावीस वर्षांपूर्वी ती ज्या गावातल्या खिडकीबाहेर येऊन उभी राहिली होती, त्या गावाच्या खिडकीच्या आत आता ती बसणार होती.

एजंट म्हणजे कोण

मराठीत 'एजंट' म्हटलं की आरटीओच्या बाहेर फाइल घेऊन फिरणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. किंवा विम्याचा एजंट, ज्याला बघून आपण रस्ता बदलतो. आमच्या धंद्यात तर आजकाल एजंट म्हणजे माणूसच नव्हे, आपल्या वतीने कामं उरकणारा प्रोग्राम. अमेरिकेतल्या छोट्या गावचा रेल्वे एजंट यातला कुणीच नव्हता. आपल्याकडचा स्टेशन मास्तर, तारबाबू, तिकीट बाबू, पार्सल बाबू आणि मालधक्क्यावरचा कारकून, असे पाच जण एका माणसात कोंबले की तो एजंट तयार होतो. गावात कंपनी म्हणजे तोच. कायद्याच्या भाषेतही तो कंपनीचा प्रतिनिधी; त्याने सही केलेली बिल्टी कंपनीवर बंधनकारक.

त्याचा दिवस असा असे. स्टोव्ह पेटवायचा, दिवे पुसायचे, तिकिटं फाडायची, रोकड मोजायची. तारेवर कान ठेवायचा. कडकट्ट-कट्ट चालू असताना दुसरं काम करायचं, पण आपल्या स्टेशनची खूण आली की हातातलं टाकून धावायचं. गाड्यांचे हुकूम तारेवरून यायचे. कोणत्या गाडीने कुठे थांबून कोणत्या गाडीला वाट द्यायची, हे पातळ कागदावर कार्बन घालून अक्षर न् अक्षर लिहायचं, तारेवर परत वाचून दाखवायचं, आणि मग ड्रायव्हर-गार्डच्या हातात द्यायचं. काही हुकमांवर त्यांची सही घ्यावी लागे; काही चालत्या गाडीत लांब काठीच्या कडीला अडकवून वर पोचवता येत. एक आकडा चुकला तर दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर.

हे परत वाचून दाखवणं मला फार ओळखीचं वाटतं. एका संगणकाने दुसऱ्याला काही पाठवलं, की मिळालं, हेच मिळालं, एवढं उलट कळवल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. आमच्याकडे ते यंत्र करतं, सेकंदात हजारो वेळा. तेव्हा ते थंडीने बधिर झालेली बोटं करायची. या कामाचे तास एवढे वाढले होते, की शेवटी १९०७ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला : जिथे तारघर अहोरात्र चालतं तिथे तारवाल्याला दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, आणि जिथे फक्त दिवसा चालतं तिथे १३ तासांपेक्षा जास्त नाही. तेरा तास, ही सवलत म्हणून!

या नोकरीत बाई असणं आपल्याला वाटतं तितकं नवलाचं नव्हतं. लॉवेलच्या तारघरात सॅरा बॅगली १८४६ मध्येच काम करू लागली होती, आणि पुढच्या पन्नास वर्षांत लहान स्टेशनांवर अनेक बायका दिसू लागल्या. तारेच्या पलीकडच्या टोकाला आवाज पोचत नाही, फक्त बोटांची लय पोचते.

गावाचा माणूस

पण एजंट गावाला महत्त्वाचा वाटे तो वेगळ्याच कारणांनी. गावात बाहेरून जे काही येई ते त्याच्या टेबलावरून येई. निवडणुकीचे निकाल, बेसबॉलचा स्कोअर, बाजारात मक्याचा भाव. मुलगा झाल्याची तार, आणि मेल्याची. घरोघरी फोन नव्हते तेव्हा कुणाच्या घरी काय घडलं हे घरच्यांच्या आधी एजंटला कळे. ते कसं सांगायचं, कुणाला आधी सांगायचं आणि कुणाला मुळीच सांगायचं नाही, याची नियमावली कुठल्याही कंपनीने छापली नव्हती.

वेळसुद्धा त्याच्याकडून. १८८३ पर्यंत प्रत्येक गावाचं घड्याळ आपापल्या सूर्यावर चाले. त्या वर्षी १८ नोव्हेंबरला रेल्वे कंपन्यांनी देशाचे वेळेचे पट्टे पाडले. सरकारी कायदा त्यानंतर पस्तीस वर्षांनी झाला, पण लोकांनी स्टेशनातलं घड्याळ बघून आपली घड्याळं लावायला केव्हाच सुरुवात केली होती. मुंबईने आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत जपली, म्हणून आपल्याला यातली चुरस कळते.

काही एजंट गावाचे शिक्षकही होत. मिशिगनमधल्या माउंट क्लेमेन्सचा एजंट जेम्स मॅकेन्झी याचा लहानगा मुलगा १८६२ मध्ये रुळांवर खेळत असताना डबा अंगावर येत होता; गाडीत पेपर विकणाऱ्या एका पोराने त्याला उचलून बाजूला घेतलं. मॅकेन्झीकडे बक्षीस द्यायला पैसे नव्हते. त्याने त्या पोराला तारेचं काम शिकवलं. पोराचं नाव थॉमस एडिसन. मॅकेन्झीने दिलं ते बक्षीस एडिसनला पुढची कित्येक वर्षं पोटाला पुरलं, आणि त्याचे सुरुवातीचे शोध त्या तारेतूनच निघाले.

या खिडकीत बसून काय काय करता येतं, हे सर्वात लख्ख दिसलं ते आणखी एका एजंटला. रिचर्ड सिअर्स, जन्म १८६३. मिनेसोटातल्या नॉर्थ रेडवूड या खेड्यात तो स्टेशन एजंट होता. १८८६ मध्ये शिकागोहून गावातल्या सोनाराकडे घड्याळांचं पार्सल आलं आणि सोनाराने ते नाकारलं. नाकारलेला माल एजंटच्या गळ्यात. सिअर्सने पाठवणाऱ्याशी बोलून तो १२ डॉलरला एक असा घेतला आणि तारेवरून आजूबाजूच्या स्टेशनांवरच्या एजंटांना १४ डॉलरला विकला. त्यांनी वर काय मिळवायचं ते त्यांचं. एजंटांनी कंपनीला जामीन दिलेला असे, त्यामुळे बुडवण्याची भीती नव्हती. सहा महिन्यांत त्याने सुमारे ५,००० डॉलर कमावले आणि नोकरी सोडली. पुढे 'सिअर्स, रोबक अँड कंपनी' जगातल्या सर्वात मोठ्या दुकानांपैकी एक झाली, आणि ते दुकान होतं एक जाडजूड कॅटलॉग.

कंपनीच्या कॅटलॉगमधून मागवलेल्या बऱ्याच वस्तू गिऱ्हाईक आपल्या गावच्या स्टेशनात आधी उघडून बघू शके, पटलं तर एजंटच्या हातात पैसे देई, नाही तर माल परत. म्हणजे देशभरच्या स्टेशनांच्या खिडक्या सिअर्सने आपल्या दुकानाचे गल्ले करून टाकले, एक पैसा भाडं न देता. एजंट असल्याशिवाय हे कुणाला सुचलं नसतं. गावातले दुकानदार अर्थातच चिडले. काही गावांत कॅटलॉगच्या जाहीर होळ्या झाल्या. आपल्या खोक्यांवर कंपनीचं नाव घालत नाही, असं सिअर्स कॅटलॉगमध्येच छापत असे. गावोगावचे दुकानदारही गुपचूप त्याच्याकडून माल घेत, आणि ते शेजाऱ्याला कळू नये हा त्यातला हेतू. एजंटला मात्र सगळं माहीत. रविवारी चर्चमध्ये तो या सगळ्यांच्या मधोमध बसलेला असे.

केट खिडकीत बसली त्या वर्षांत हा सगळा व्यवहार ऐन भरात होता. सरकारी पार्सल टपाल सुरू झालं १ जानेवारी १९१३ ला. तोवर मोठं खोकं यायचं ते रेल्वेनेच.

पूल वरून गेला

पण मोइंगोनाच्या खिडकीत आता एक मोठा फरक पडला होता.

खोऱ्यातला चढ-उतार कंपनीला नेहमीच महाग पडत होता : जादा इंजिनं, जादा माणसं, जादा कोळसा, जादा वेळ. १८९९ मध्ये तिने काही मैल उत्तरेला दरी वरच्या वर ओलांडायचं काम काढलं. जॉर्ज मॉरिसन या नामांकित पूल-अभियंत्याची रचना. लांबी २,६८५ फूट, नदीपासून उंची १८५ फूट, दोन रूळ. १९०१ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. गाड्या खोऱ्यात उतरेनाशा झाल्या. ढकलणारी इंजिनं नको झाली. मुख्य मार्ग मोइंगोनाला वळसा घालून वरून निघून गेला, आणि खालचा जुना मार्ग एक शाखा म्हणून उरला. कागदावर पुलाचं नाव होतं बून व्हायाडक्ट. लोकांच्या तोंडी मात्र ते झालं केट शेली हाय ब्रिज.

म्हणजे काय झालं बघा. ज्या पुलाने तिच्या गावाचं महत्त्व संपवलं, त्याच पुलाला तिचं नाव मिळालं. आणि दोन वर्षांनी त्याच कंपनीने तिला नोकरी दिली ती त्या बाजूला पडलेल्या गावात. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. इंजिनिअर म्हणून विचाराल तर मीही तो पूल बांधला असता. चढ काढून टाकणं हेच बरोबर होतं. कदाचित नोकरीही कंपनीने चांगल्या मनानेच दिली असेल. सगळं बरोबर असूनही एखाद्या गावाचं जे व्हायचं ते होतंच.

त्या खिडकीत केट जवळजवळ नऊ वर्षं बसली. शाखा मार्गावरच्या थोड्या गाड्या, कोळसा, धान्य, पार्सलं, तारा. बिल्ट्या लिहिणं, हिशेब लावणं, दिवे पुसणं. तिला भेटायला, तिच्याकडून त्या रात्रीची गोष्ट ऐकायला लोक येत. पण त्या नऊ वर्षांवर कुणी पुस्तक लिहिलेलं मला दिसलं नाही, आणि लिहिणार तरी काय? पुस्तकात घालण्यासारखं काही घडलं नाही, हेच तर चांगल्या एजंटचं प्रमाणपत्र. ज्या दिवशी तिच्या स्टेशनात काही घडलं असतं, त्या दिवशी तिचं काम चुकलं असतं.

२१ जानेवारी १९१२ रोजी ती वारली. कंपनीने लोकांना अंत्यविधीला येता यावं म्हणून खास गाडी सोडली, असं सांगतात. पुढे १९५५ मध्ये कंपनीने एका झुळझुळीत प्रवासी गाडीला 'केट शेली ४००' नाव दिलं. ती गाडीही वरच्या मार्गाची. मोइंगोनामध्ये १९७६ पासून तिच्या नावाचं छोटं संग्रहालय आहे. रेल्वे तिथून कधीच गेलेली आहे.

सिअर्सने नोकरी सोडली आणि खिडकीचं साम्राज्य केलं. त्यानेही कुठे फार भोगलं? १९०८ मध्ये कंपनीतून बाहेर पडला, १९१४ मध्ये, वयाच्या पन्नाशीत गेला. कंपनीचा मोठा कॅटलॉग १९९३ मध्ये बंद झाला आणि २०१८ मध्ये कंपनीनेच दिवाळखोरी जाहीर केली. गावोगावचे एजंटही गेले. पार्सल टपालात गेली, तार टेलिफोनने मारली, माणसं मोटारीत बसली. विसाव्या शतकाच्या मध्यावर कंपन्या एकेका स्टेशनातला एजंट काढून घ्यायला सरकारी आयोगांकडे अर्ज करू लागल्या. तेव्हा गावकरी सुनावण्यांना जाऊन उभे राहत आणि सांगत की आम्हाला तो हवा आहे. आयोग विचारी, महिन्याला किती तिकिटं खपतात? आणि गावकरी गप्प होत. त्यांना जे हवं होतं ते त्या रकान्यात बसत नव्हतं.

मागच्या ऑन-कॉल आठवड्यात रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. एका गोदामातून पहाटे निघणाऱ्या मालाचे पत्ते चुकीचे छापले जात होते. मी उठलो, दीड तासात चूक सापडली, दुरुस्त झाली. सकाळी मोठ्या साहेबांचा ई-मेल आला, त्यात माझं नाव, पुढे आभार, पुढे अंगठ्याची दोन चित्रं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

अशा प्रकारानंतर आमच्याकडे एक अहवाल लिहायचा असतो : काय बिघडलं, कधी, कुणी दुरुस्त केलं. तो लिहिताना मी नोंदी उघडल्या. चूक पहिल्यांदा दिसली ती गोदामात खोकी उचलणाऱ्या एका माणसाला. सातारच्या मालावर नागपूरचं लेबल कसं, असं त्याला वाटलं, म्हणून त्याने मदत-केंद्राला फोन केला. तिथे रात्रपाळीला एक मुलगी होती. तिच्या समोरच्या पडद्यावर सगळं हिरवं दिसत होतं. यंत्राच्या मते काही बिघडलेलं नव्हतं. तिने त्या माणसाला दोनदा विचारलं, त्याचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घेतलं, त्याला परत वाचून दाखवलं, आणि मला उठवलं.

अहवालाच्या साच्यात तिच्यासाठी रकाना नव्हता, त्या माणसासाठीही नव्हता. मी दोन ओळी वाढवल्या. एक, कुणी पाहिलं. दुसरी, कुणी ऐकलं. दोघांची नावं शोधायला सकाळचा तासभर गेला, दुरुस्तीला लागला त्यापेक्षा थोडाच कमी.